गंगाप्रसादला नांगरलं!

जुन्या पेपरांच्या खोलीत धूळ आणि किस्से सारखेच साठतात. धूळ झटकायला तिथले शिपाई देवरे काका आहेत. किस्से मी सांगून टाकतो.

मी आठवीत शाळा सोडलेला, सातपूरच्या एका गॅरेजात कामाला. पण माझा दादा दर रविवारी नाशिकच्या वाचनालयात जुन्या पेपरांतून ‘गंगाप्रसाद’ नावाच्या शिडाच्या गलबताचा प्रवास शोधायचा. आमचे खापरपणजोबा म्हणे त्यावर स्वयंपाकी होते. दोन महिन्यांपूर्वी दादा गेला. त्याच्या वहीतली शेवटची ओळ: ‘मस्कतहून निघाले. पुढे?’

ते ‘पुढे?’ मला सोडेना.

*

वाचनालयाच्या मॅडमनी दादाचं कार्ड पाहिलं. “सभासद कुठे आहेत?”

“गेला.”

“परत कधी येणार? ते स्वतः आल्याशिवाय पेपर मिळणार नाहीत!”

“मग तुम्हीच बोलवून बघा ना!” मी ओरडलो.

देवरे काका मॅडमच्या कानात काहीतरी बोलले. मॅडमनी गुपचूप गठ्ठा काढून दिला. वर चहा मागवला. त्या खोलीत चहाला बंदी आहे!

*

पहिल्याच दिवशी सापडलं: ‘गंगाप्रसाद गलबत वेंगुर्ल्यास नांगरले.’

माझं डोकंच फिरलं. “काका, अख्खं गलबत नांगरून टाकलं यांनी!”

काका हरसूलकडचे, घरी भातशेती. तेही हळहळले. “सागाचं लाकूड असंल रे. फाळ मोडला असंल!”

अर्धा तास आम्ही वेंगुर्लेकरांना शिव्या घातल्या. शेवटी मॅडम आल्या. “अहो, जहाजालाही नांगर असतो. तो पाण्यात टाकला की जहाज थांबतं.”

काका म्हणाले, “मग बैल कुठं बांधत्यात?”

*

मॅडमच्या शिक्क्याची सगळ्यांना धास्ती. एकदा काकांच्या डब्यावर बसला: ‘वाचनालयाबाहेर नेऊ नये.’

“मॅडम, चुकला शिक्का!”

“माझा शिक्का चुकत नाही. तुमच्या घरची भाजी छान असते. डबा इथेच राहील.”

*

मग सापडली पुढची बातमी: ‘गंगाप्रसाद बावीस खलाशांसह मुंबईकडे हाकारले. पुढील बातमी आली नाही.’ या वेळी मॅडमना आधीच अर्थ विचारला. हाकारले म्हणजे शिडं उभारून निघाले.

शेजारी रोज पेपर वाचणारे, कमी ऐकू येणारे आजोबा. “कोणाला शोधतोस?”

“गंगाप्रसादला. मुंबईला निघाला, पोचलाच नाही.”

“अरेरे! त्याच्या भरवशावर कोण कोण?”

“बावीस खलाशी!”

“बावीस मुलं!” आजोबांनी सगळ्यांना उभं करून दोन मिनिटं शांतता पाळायला लावली.

मीही उभा राहिलो. दादाच्या वेळी मला हे जमलं नव्हतं.

*

पुढच्या महिन्याचा गठ्ठा वाळवीने खाल्ला होता. नुसती सुतळी उरली होती.

काल दादाचं कार्ड परत करायला गेलो. फॉर्मवर रकाना होता: ‘सभासदत्व रद्द करण्याचे कारण.’

“एक शब्द तर लिहायचाय,” काका हळूच म्हणाले.

तोच लिहवेना. मग जी ओळ पाठ झाली होती, तीच उतरवली: ‘हाकारले. पुढील बातमी आली नाही.’

मॅडमनी वाचलं. चष्मा पुसला. शिक्का उचलला आणि कार्डावर ठक्क!

काका वाकले. “मॅडम, हे तर नूतनीकरण! शिक्का चुकला!”

“माझा शिक्का चुकत नाही.”