कार्यक्रमात लंच नव्हता

जीप सरपंचांच्या दारात थांबली तेव्हाच पुरणाचा वास आला. दौऱ्याच्या कार्यक्रमात जानेफळ गावापुढे मी स्वतः ‘लाइट रिफ्रेशमेंट’ लिहिलं होतं.

मी मेहकरला ब्लॉकमध्ये विस्तार अधिकारी होतो. महाराष्ट्र राज्य नवं होतं, जिल्हा परिषद त्याहून नवी. वरिष्ठांच्या दौऱ्याची व्यवस्था माझ्याकडे असे आणि त्यात खाण्याचे शब्द फार जपून वापरावे लागत. ‘टी’ म्हणजे नुसता चहा. ‘लाइट रिफ्रेशमेंट’ म्हणजे चहा-बिस्किटं, फार तर चिवडा. नुसतं ‘रिफ्रेशमेंट’ म्हटलं की एक गोड पदार्थ वाढतो. ‘लंच’ म्हणजे पाट-पाणी. कोणाला काय, ते हुद्द्यावर ठरे. आम्हा स्टाफला टी. गावात जेवायचं नाही, असा आमच्या ब्लॉकच्या प्रमुखांचा, बीडीओ साहेबांचा, हुकूमच होता.

मी साताऱ्याकडचा, बायको-मुलं तिकडेच. दिवसभर गावोगाव चहा प्यायचा आणि संध्याकाळी खोलीवर स्टोव्ह पेटवून पिठलं-भात करायचा. समोर बसून जेवणारं कोणी नाही. फार एकटं वाटायचं. कधी कधी ताट तसंच झाकून ठेवायचो.

देवराव सरपंचांना मी सगळं समजावलं होतं. त्यांनी मानही डोलावली होती. पण त्या घरची रीत अशी की जेवणाच्या वेळी आलेला पाहुणा जेवायला बसल्याशिवाय घरच्यांनी घास घ्यायचा नाही. शब्द माझे, रीत त्यांची.

ओसरीवर पाट मांडलेले. दौऱ्यावर जिल्ह्याहून आलेल्या साहेबांनी घड्याळ पाहिलं.

“हे काय? लंच मेहकरला रेस्ट हाउसवर आहे ना?”

“हो, सर.”

“मग इथे नुसता चहा.”

त्यांनी उभ्याउभ्या चहा घेतला, एक भजं तोंडात टाकलं, ‘छान’ म्हणाले आणि जीपकडे चालू लागले. मीही निघालो, तर सरपंचांच्या पत्नी, गिरजाकाकू, आडव्या आल्या.

“पाहुणा उपाशीच गेला. आता आमी कसं जेवाव?”

“रागावू नका काकू, साहेबांना घाई आहे.”

“त्याइले घाई हाय, मान्य. तुमाले काऊन घाई जी? इतक्या खेपा आले, चहाच्या वर काही घेतलं नाही. आमाले तं वाटे, तुमाले आमच्या घरचं चालत नाही.”

मी हुकूम पाळत होतो आणि गावाला ते सोवळं वाटत होतं. म्हणून तर कोणी जेवायला बोलावत नव्हतं!

बाहेर हॉर्न वाजला. पुन्हा वाजला.

“देवरावभाऊ, मी मागून येतो म्हणून सांगा,” असं म्हणून मी पाटावर बसलो.

जीप गेली. देवराव परत येऊन शेजारी बसले, घरची माणसं बसली. काकूंनी पोळीवर तुपाची धार धरली. “घ्या जी, लाजू नोका.” किती दिवसांनी कोणीतरी मला आग्रह करत होतं. डोळे भरून आले. भजी तिखट आहेत म्हणालो.

दुसऱ्या दिवशी बीडीओ साहेबांनी बोलावलं.

“दौरा सोडून कुठे होतात?”

“जेवत होतो, सर.”

“कार्यक्रमात लंच नव्हता.”

“साहेबांना नव्हता, सर.”

हे उत्तर महागात पडलं. लवकरच माझी दुसऱ्या ब्लॉकला बदली झाली. पुन्हा नवी खोली, तोच स्टोव्ह. जानेफळला जेवायला जाणं मग झालंच नाही, याचं वाईट वाटतं.

नव्या ठिकाणी पहिल्याच गावात सरपंचांनी विचारलं, चहा ठेवू का? म्हटलं, भाकरी झाली असेल तर भाकरीच द्या. फार तर आणखी एकदा बदली झाली असती.