न विचारता छापलेला आशीर्वाद

सत्तरच्या दशकात माझा थोरला भाऊ केम स्टेशनवर बुकिंग क्लार्क होता. दुपारची पॅसेंजर गेली की तिकीट मागायला बराच वेळ कुणी फिरकायचं नाही. त्या वेळात तो आणि तिथले दोघे-तिघे किल्ल्याचा खेळ खेळायचे. पुण्याच्या एका प्रकाशकानं काढलेला खेळ होता तो. पुठ्ठ्यावर किल्ल्याचा नकाशा, दोन फासे आणि प्रसंगांची एक पुस्तिका. एकानं प्रसंग वाचायचा, बाकीच्यांनी किल्लेदार, हवालदार, हेर असं कुणीतरी व्हायचं आणि आपण आता काय करणार ते तोंडानं सांगायचं. फासा पडेल तसं ते साधायचं नाहीतर फसायचं. मोठी मिशीवाली माणसं त्यात इतकी रंगायची की समोरचा चहा गार व्हायचा.

पुस्तिकेतले प्रसंग संपले तेव्हा दादानं स्वतः लिहायला घेतले. पुण्याचे प्रसंग सगळे कडेकपारीतले आणि धुक्यातले. दादानं आपल्या मुलखातले लिहिले. करमाळ्याचा भुईकोट किल्ला, पाणी आटत चाललेली विहीर, ज्वारीच्या ताटांत लपलेला हेर. सुटीला सोलापूरला घरी आला की स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर बसून मला वाचून दाखवायचा. मला खेळाबिळाचं काडीचं वेड नाही. शाळेत दिवसभर पोरींवर ओरडून माझं डोकं उठलेलं असायचं. पण त्याचे प्रसंग ऐकता ऐकता मी भाकऱ्या करपवल्यात, हे कबूल करायला हवं.

वडील, म्हणजे अण्णा, हायस्कुलात मास्तर होते आणि नुकतेच निवृत्त झाले होते. दादा कॉलेजात दोनदा नापास होऊन रेल्वेत लागला, तेव्हा अण्णा भरल्या ताटावर म्हणाले होते, "हा आयुष्यात कुठलीच गोष्ट पुरी करणार नाही." तेव्हापासून दोघांचं बोलणं म्हणजे "गाडी वेळेवर होती का?" आणि "होती." मला दोघांचाही संताप यायचा. दादाला त्या प्रसंगांचं पुस्तक काढायचं होतं ते याच्यासाठी. पुरं केलेलं, छापलेलं, वर स्वतःचं नाव असलेलं काहीतरी त्याला अण्णांपुढं ठेवायचं होतं. तसं त्यानं मला सरळ सांगितलं होतं.

पण खेळ दुसऱ्याचा. दादानं पुण्याला लिहून परवानगी मागितली. उत्तर आलं ते अटींचं. प्रसंग तुमचे आहेत, ते खुशाल छापा आणि विका. मात्र आमचे नियम उतरवून घ्यायचे नाहीत, नकाशा छापायचा नाही, हे पुस्तक कोणत्या खेळासाठी आहे ते कव्हरवर बारीक अक्षरांत एकदाच लिहायचं. आम्ही हे पुस्तक तपासलं आहे किंवा आमची त्याला मान्यता आहे असं कुठंही दिसता कामा नये. आणि छापण्याआधी कव्हरचं प्रूफ आम्हाला दाखवायचं.

माझं टाळकंच सरकलं. "यांचा खेळ आणखी चार घरी जाणार तो तुझ्यामुळं, आणि वर यांचाच तोरा! छाप तू तसंच. केमला कोण बघायला येतंय?"

"त्यांचं बरोबर आहे," दादा म्हणाला. "मी काहीही खरडलं, तर लोक त्यांना शिव्या देतील की." त्याचा हा थंडपणा मला कधी सोसला नाही.

छापखाना आमच्या गल्लीच्या टोकाला होता. मालक विणकरांच्या घरातले, घरात तेलुगू बोलायचे आणि गिऱ्हाइकाशी अतिशय अदबीनं मराठी. त्यांचा धंदा मुख्यतः लग्नपत्रिकांचा. पुस्तक म्हणून त्यांनी त्याआधी काही छापलं होतं की नाही, शंकाच आहे. कव्हरची जुळणी त्यांनी स्वतः केली आणि प्रूफ घरी आणून दिलं. मधोमध नाव, खाली दादाचं नाव, बारीक अक्षरांत खेळाचा उल्लेख, सगळं सांगितल्याप्रमाणं. आणि सगळ्यांत वर, वेलबुट्टीच्या चौकटीत, त्या पुण्याच्या प्रकाशकांचं नाव घालून "यांच्या शुभाशीर्वादाने" अशी एक ओळ.

ती ओळ त्यांनी आपल्या मनानं घातली होती. खरी गंमत पुढंच आहे. ती आम्ही दोघांनी वाचली आणि आम्हाला ती आवडली. दादा म्हणाला, "शोभून दिसतंय." मीही म्हटलं, चला, त्या लोकांचा मान राखल्यासारखं झालं. अटींचं पत्र तिथंच टेबलावर पडलेलं होतं. पण थोरामोठ्यांचा आशीर्वाद वर घालायचा म्हणजे आपण काही दावा करतोय, हे आमच्या डोक्यातच आलं नाही. जन्मभर पत्रिका वाचलेली माणसं आम्ही. प्रूफ पुण्याला गेलं.

उत्तर तडक आलं. आम्ही आपल्याला कोणताही आशीर्वाद दिलेला नाही. जे करू नका म्हणून कळवलं, नेमकं तेच आपण कव्हरच्या माथ्यावर केलं आहे. दुरुस्त प्रूफ पाहीपर्यंत परवानगी स्थगित समजावी.

दादा ते पत्र धरून बाजेवर बसून राहिला. "गेलं," एवढंच म्हणाला. अण्णा आतल्या खोलीत पेपर वाचत होते, त्यांच्या कानावर जाऊ नये म्हणून तेही हळू आवाजात. मला त्याची इतकी दया आली की मी त्याच्यावरच खेकसले. "गेलं काय गेलं? ओळ काढायला सांगितलीय, पुस्तक जाळायला नाही. ऊठ!"

छापखान्याचे मालक खरोखरच गोंधळून गेले. "आशीर्वाद घेतला म्हणून रागावणारी माणसं मी पहिल्यांदा बघतोय, बाई." त्यांनी चिमट्यानं ती ओळ उचलली, ठसा काढून बघितला आणि मान हलवली. "वरचं कपाळ उघडं पडलं. कुणाचा तरी पाहिजेच की. वडलांचा घाला."

"घाला," मी म्हटलं. "त्यांना कुठं पत्र पाठवायचंय?"

दादा म्हणाला, "थांबा. त्यांना विचारलेलं नाही."

"बापाच्या आशीर्वादाला कुणी विचारतं का रे? पत्रिकेत लोक मेलेल्या आजोबांचासुद्धा छापतात."

"पुण्यावाल्यांनाही विचारलं नव्हतं आपण," तो म्हणाला. "अण्णांनी दिलेला नसला, तर मी कसा छापू?"

मालकांनी हातातले अक्षरांचे खिळे परत खणात टाकले.

दादा हस्तलिखित घेऊनच अण्णांपुढं गेला. मी दारात उभी होते. हात धुवायलाही विसरले होते, पीठ तसंच होतं. पाहिजे तर पुन्हा भांडायला तयार होते, या खेपेला अण्णांशी. दादानं पुण्याच्या पत्रापासून सगळं सांगितलं. इतकं लांब तो त्यांच्याशी कितीतरी वर्षांत बोलला नव्हता. शेवटी म्हणाला, "तुमचा आशीर्वाद छापू का?"

"नाही," अण्णा म्हणाले.

दादा उठायला लागला.

"न वाचलेल्या पुस्तकाला आशीर्वाद कसला? ठेव इथं."

दिवेलागणीपर्यंत ते वाचत होते. दादा अंगणात नुसत्या येरझाऱ्या घालत होता, चहासुद्धा घेतला नाही. अण्णांनी हाक मारली तेव्हा करमाळ्याचा प्रसंग त्यांच्या मांडीवर उघडा होता.

"हवालदार विहिरीत उतरला. पुढं वाचला का मेला, ते तू लिहिलेलं नाहीस. अर्धवट ठेवलंयस."

दादाचा चेहरा उतरला. "ते मी लिहायचं नसतं, अण्णा. जो हवालदार होईल त्यानं ठरवायचं."

अण्णांनी चष्मा काढून पुसला, परत लावला.

"मग फासे आण. मी होतो हवालदार."

जेवणं त्या रात्री निवून गेली, आणि मी कुणालाही हाक मारली नाही. पुस्तक पुढं रीतसर परवानगीनं निघालं. कव्हरवर वरची जागा तशीच मोकळी आहे, कारण आशीर्वादाचं पुन्हा विचारायचं दादा विसरूनच गेला.