ब्रँड्स हॅचचा पेशंट

१९६८ साली मी लंडनमधल्या इल्फर्डच्या एका हॉस्पिटलात रजिस्ट्रार डॉक्टर होतो. गाडी मला चालवता येत नव्हती. टेस्ट घेणारा साहेब शेजारी बसला की क्लच कुठला नि ब्रेक कुठला हेच मी विसरायचो. असा माणूस मोटारींच्या शर्यतींच्या नादी लागला.

नाद लावला योनाने. योना रोहेकर आमच्या लॅबमध्ये होता, मूळ अलिबागकडचा बेने इस्रायली ज्यू. एका रविवारी तो मला केंटमध्ये ब्रँड्स हॅचच्या शर्यतीच्या मैदानावर घेऊन गेला. परातीसारखी खोलगट जागा. काठावरच्या गवतात बसलं की जवळजवळ अख्खा ट्रॅक दिसतो. पहिल्याच वळणावर रस्ता एकदम खाली जातो. गाड्या तिथून झेपावल्या आणि इथे बसल्या बसल्या मी गवतातच ब्रेक दाबला. जळक्या तेलाचा वास सोमवारच्या राउंडलासुद्धा कोटाला येत होता.

पुढे मी तिथे फुकट डॉक्टरकी करू लागलो. शर्यत अगदी जवळून दिसायची, म्हणून. बायकोला, वीणाला, "समाजसेवा आहे" म्हणून सांगितलं. सेवा म्हणजे कुणाच्या तरी बोटाला बँडेज बांधणं, एवढीच.

७१च्या मे महिन्यात एक गाडी त्याच वळणावर गरगरत गवतात गेली. मी बॅग घेऊन धावत सुटलो. गवत ओलं होतं. पाय सटकला आणि बॅगेच्या आधी मी खाली पोचलो. घोटा मोडला.

ड्रायव्हर आपला आपण बाहेर आला, हेल्मेट काढून माझ्यावर वाकला.

"हलू नका हं. डॉक्टरांना बोलावतो."

"मीच डॉक्टर," मी म्हणालो.

त्याने मागून आलेल्या योनाकडे पाहिलं. योना गवतातली बॅग उचलायला वळला.

मला स्ट्रेचरवरून नेताना लोकांनी टाळ्या वाजवल्या. मीही हात हलवला. करणार काय?

प्लास्टर निघाल्यावर वीणा म्हणाली, "आता जायचं तर मी बरोबर येणार. तुमचा काही भरवसा नाही."

आम्ही तिघं तिकीट काढून गवतात बसलो. ती पाठ वळवून फ्लास्कमधला चहा ओतत होती. गाड्या आल्या. तिने फ्लास्क माझ्या मांडीवर टाकला आणि ताडकन उभी राहिली.

"अहो, तो निळा! निळा पुढे गेला बघा!"

"वहिनी, बसा, मागच्यांना दिसत नाही," योना म्हणाला.

ती बसली नाही. मी भिजलेल्या पँटनिशी निळ्याला शोधत राहिलो.