मनिषानं पाहुण्यांना गाव दाखवलं

आमच्या शेजारची मनिषा निरवांगीची लेक. दहावी झाली आणि लगेच काटेवाडीत सून म्हणून आली. गेली काही वर्षं ती गावाजवळच्या शेती-पर्यटन केंद्रात चुलीवर भाकरी थापते. लांबून लांबून माणसं तिथं ऊस, ठिबक, गोठा बघायला येतात, पिठलं-भाकरी खातात आणि जाताना चुलीपुढच्या मनिषाचा फोटो काढतात. तिला त्या फोटोंचा कंटाळा आला होता. चुलीपुढून उठून पाहुण्यांना घेऊन हिंडायचं काम तिला हवं होतं. शेतातलं सगळं ठाऊक, बोलायची हौस दांडगी. फक्त परदेशी पाहुणं आलं की इंग्रजी लागायचं, आणि तिथं गाडं अडायचं.

केंद्राचा कारभार सांभाळणारा इंद्रजित आमच्याच आळीतला. तो एकदा म्हणाला, "वहिनी, पुढच्या आठवड्यात हॉलंडचं जोडपं येतंय. एक दिवस तुमाला देतो. जमलं तर काम तुमचं. न्हाय जमलं तर हा विषय पुन्हा काढायचा न्हाय."

झालं. तेव्हापासून रोज संध्याकाळी मनिषा आमच्या ओट्यावर. माझी सून राजेश्वरी बारामतीच्या एका शाळेत इंग्रजी शिकवते. दोघी मेथी निवडत बसायच्या आणि मी खांबाला टेकून ऐकायचो. आमच्या शाळेत इंग्रजी येण्याआधीच मी शाळेतून बाहेर आलो होतो, त्यामुळं मलाही सगळं नवंच.

"लुक म्हणजे बघणं," राजेश्वरी म्हणाली. "लुक आफ्टर म्हणजे सांभाळणं, काळजी घेणं."

"आफ्टर म्हंजी नंतर ना? मग नंतर बघणं न्हाय व्हय?"

"नाही. आणि लुक फॉर म्हणजे शोधणं. लुक इन्टू म्हणजे चौकशी करणं."

मनिषानं जुडी खाली ठेवली. "बघणं एकच, आन् मागचं शेपूट बदललं की जनावरच दुसरं व्हतंय?"

मला राहवेना. "अगं, आपलं तरी काय न्यारं हाय? पोरगी बघायला जातो तवा काय नुसतं बघतो? 'दवाखान्याचं मी बघतो' म्हणलं की माणसाला धीर येतो, आन् 'तुझ्याकडं बघतो' म्हणलं की त्योच माणूस घाम पुसतो. तुला हे कुणी शिकवलं?"

"आबा, तुमी मदतीला बसलाय का गोंधळ वाढवायला?"

"मामा, त्यांचा तो दिवस पार पडू द्या," राजेश्वरी हसत म्हणाली, "मग तुमचं ऐकू."

पण गंमत अशी, जेवताना मीच आफ्टर आणि फॉरची अदलाबदल करून बसलो, आणि नातू सांभाळायच्या ऐवजी नातू शोधायला लागलो.

तो दिवस उजाडला. मनिषानं नवी साडी नेसली आणि मला म्हणाली, "आबा, सोबत चला. तुमी शेजारी असलं की धीर येतो." इंद्रजितनं बेत आखून दिला होता. आधी ठिबकचं रान, मग गोठा, मग ऊस, आणि एक वाजता जेवण. पाहुणे आले, दोघंही ताडासारखे उंच. बाई हसून म्हणाल्या, "कॅन वी लुक अराउंड द व्हिलेज फर्स्ट?"

मनिषानं माझ्याकडं बघितलं. मी आभाळाकडं बघितलं. मग तिनं हातानं हवेत एक गोल काढला. "अराउंड म्हंजी भोवती. गाव फिरून बघायचंय त्यास्नी." पाहुण्यांनी माना हलवल्या. बरोबर निघालं की. तिचा चेहरा असा उजळला, की इंद्रजितचा बेत तिच्या डोक्यातून कधी गेला ते तिलाही कळलं नाही.

आणि इथं घोटाळा झाला. इंग्रजीनं नव्हे, गावानं केला. आमच्याकडं पाहुणा दारावरून तसाच पुढं गेला तर त्या घराला लागतं. पहिल्याच दारात केसरबाई उभी. "मनिषा, पाहुणं कुठं न्हेतीस? आत ये." चहा झाला. पहिल्यांदा दारात आलेली बाई, म्हणून केसरबाईच्या सुनेनं तिची ओटी भरली, खण आणि नारळ. पुढच्या घरी वर्दी आधीच पोचलेली, आधण उकळत होतं. तिथंही चहा, तिथंही नारळ. नको म्हटलं तर बायका हसायच्या आणि कप पुन्हा भरायच्या, कारण पहिलं नको कुणी खरं धरत नाही.

नारळ बाईंच्या नवऱ्याच्या हातात जमत चालले. शेवटी बाईंनी विचारलं, "व्हॉट आर दीज फॉर?"

"फॉर यू," मनिषा म्हणाली.

"येस, बट व्हॉट फॉर?"

"फॉर यू," ती जरा मोठ्यानं म्हणाली.

बाई गोंधळल्या, मनिषा त्याहून गोंधळली. मी नारळ फोडून खायची खूण केली, तर नवऱ्यानं घाबरून नारळ छातीशी धरले.

ऊन डोक्यावर आलं. मोटारसायकलवरून इंद्रजित आला, शर्ट भिजलेला. "वहिनी, सकाळपासनं हुडकतोय. रान न्हाय, गोठा न्हाय, नुसता चहा पाजत हिंडताय व्हय?"

"दारावरनं तसंच कसं न्यायचं, भाऊजी?"

"ते मला न्हाय ठावं. केंद्राचं नाव जातंय. उद्यापासनं तुमी परत चुलीवर."

मनिषाचा चेहरा उतरला. तिनं पाहुण्यांकडं वळून सरळ विचारलं, गाव आवडलं का. बाईंनी बरंच सांगितलं. त्यातलं आम्हाला एवढंच उमगलं, "वी वेअर लुकिंग फॉरवर्ड टू द काऊज."

"फॉरवर्ड म्हंजी पुढं," मनिषा पुटपुटली. "पुढं चला म्हणतायत? का गाया पुढं हायेत म्हणतायत?"

"गाया बघायची आस लावून बसली होती ती," इंद्रजित कडवट बोलला. "आता पोटात जागा न्हाय आन् येळबी न्हाय."

पुढचं घर इंद्रजितचंच होतं, आणि दारात त्याची आई जयवंताकाकू कपबश्या मांडून वाट बघत होती. मनिषा जवळ गेली, वाकून पाया पडली. "काकू, तुमच्या दारावरनं न्हाय न्हेत. पण चहा ऱ्हाऊ द्या. त्यापरीस तुमच्या गाया दाखवा त्यास्नी."

जयवंताकाकूनं किटली चुलीवरून उतरवली. "चहा काय कुणाच्याबी घरात मिळतो. माझी कपिला मिळती व्हय?"

मागच्या गोठ्यात बाईंनी कपिलेला उसाच्या शेंड्याचं हिरवं वाढं चारलं आणि तिच्या गळ्याला हात घालून उभ्या राहिल्या. नवऱ्यानं अखेर नारळ खाली ठेवले. मग मनिषानं पुढच्या प्रत्येक दारात तेच केलं. एका घरी चहाऐवजी ठिबकच्या नळ्या, दुसऱ्या घरी ऊस, तिसऱ्या घरी टोमॅटोची रोपं. कुणाचं दार चुकलं नाही, कुणाला लागलं नाही. इंद्रजितचा सगळा बेत आमच्याच आळीच्या परसांमधून पार पडला. फक्त जेवण तीनला झालं, आणि जेवायला कुणाला भूक नव्हती.

निघताना बाई मनिषाचे हात धरून काहीतरी म्हणाल्या, शेवटी "लुक यू अप." मनिषानं वर बघितलं. झाडावर एक साळुंकी होती. ती तिनं बोटानं दाखवली, बाईंनीही मान वर केली, आणि गाडी सुटली. संध्याकाळी राजेश्वरीनं सांगितलं, की पुन्हा आल्यावर तुम्हाला गाठेन असं त्या म्हणाल्या. मनिषाला ते अजून पटलेलं नाही.

इंद्रजित मात्र दोन दिवस चुलीकडं फिरकलाच नाही. मनिषा चुलीवर जात राहिली आणि कुणी विचारलं तर "काय कळत न्हाय" एवढंच म्हणायची. तिसऱ्या दिवशी तो चुलीपाशी येऊन उभा राहिला. तवा तापलेला होता.

"आई घरात जेवू देईना," तो म्हणाला. "म्हणती, पुढचं पाहुणं मनिषाबरोबरच येऊ दे, कपिलेला सवय लागलीय. तवा सोमवारपासनं तुमी फिरायचं. चुलीवर दुसरी बाई बघतो मी."

मनिषानं तव्यावरची भाकरी उलटली, फुगू दिली, आणि पीठ झटकून उठली.

"सोमवारपासनं कशाला?" ती म्हणाली. "उद्या कोण पाहुणं हायेत ते सांगा."