अम्माचं डावीकडचं घर

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, आईलाही नाही. तुम्हाला का सांगतेय? तुम्ही तिला ओळखत नाही, म्हणून असेल.

ती म्हणजे माझी सासू. घरात सगळे तिला अम्मा म्हणत, मीही. तंजावरकडचं मराठी घराणं, तमिळ मुलखात पिढ्यान्‌पिढ्या मुरलेलं. आणि मी नाशिकची, लग्न करून चेन्नईत अड्यारला आलेली. नवऱ्याची नोकरी पेरुंगुडीला, जिथे तेव्हा आयटीच्या इमारती नुकत्या उठत होत्या. तो घरी झोपायलाच यायचा. म्हणून रविवारची दुपार अम्माने राखून ठेवलेली — जेवणं झाली, नणंद आणि तिचा नवरा आले, की पल्लांगुळी.

तुम्ही पाहिली नसेल. माशाच्या आकाराचा लाकडी पट, मध्ये बिजागरी. मिटला की काखेत मावतो. उघडला की दोघींसमोर सात-सात खोलगट घरं, त्यांत कवड्या. एका घरातल्या उचलायच्या, पुढे एकेक टाकत जायचं. पुढचं घर रिकामं लागलं, की पलीकडच्या घरातल्या सगळ्या आपल्या. अम्मा कधी हरत नसे. मी कायम हरायची आणि वर हसायची — नव्या सुनेने दुसरं काय करायचं?

मग माझं मूल गेलं. पोटातच. महिन्याभराने पुन्हा पट मांडला, तर माझ्या हातून मूठभर कवड्या फरशीवर सांडल्या. अम्मा सगळ्यांदेखत म्हणाली, "पोटातलं टिकलं नाही हिचं, हातातलं काय टिकणार गे?"

नणंदेचा नवरा हसला. माझा नवरा कवड्या गोळा करायला वाकला, आणि बराच वेळ वाकलेलाच राहिला.

त्या दिवसापासून मला खेळायचं नव्हतं, जिंकायचं होतं. मी पटाकडे कमी आणि तिच्याकडे जास्त बघायला लागले. आणि मला दिसलं — तिच्या अगदी डावीकडच्या घरात कवड्या साठत, पण ती त्यांना हात लावत नसे. आधी वाटलं, काहीतरी चाल असेल. मग तिच्या डाव्या कोपराने कॉफीचा टंबलर सांडला. मग दाराच्या चौकटीला तिचा डावा खांदा आपटला.

मला कळलं होतं. नुसता संशय नव्हता — कळलं होतं. माझ्या वडिलांना काचबिंदू होता. त्यांनाही असंच कडेकडेचं दिसेनासं व्हायला लागलं होतं. वेळेवर थेंब सुरू झाले म्हणून उरलेलं वाचलं. हे सगळं मला पाठ होतं.

मी काय केलं? डाव असा आखायला शिकले, की कवड्या त्याच घरात जाव्यात. मग पलीकडून उचलायच्या. रविवारमागून रविवार मी अम्माला हरवलं, लेकीसमोर, जावयासमोर. फार गोड लागायचं ते. आता जावई तिला हसायचा.

एकदा स्वयंपाकघरात ती माझ्याजवळ आली. आवाज खाली होता. "खरं सांग गे, माझं काही चुकतं काय?" त्या घरात तिने हे मला विचारलं, पोटच्या पोरांना नाही. मी भाजी चिरत होते. तेव्हा सांगता आलं असतं. एवढं एक वाक्य होतं.

मी म्हणाले, "वय झालं, अम्मा. चालायचंच."

पुढच्या वर्षी ती जिन्यावरून पडली. डोळ्यांच्या डॉक्टरांनी तपासलं आणि सांगितलं, गेलेली नजर आता परत येणार नाही, उरली आहे तीही थोडीच. इतके दिवस घरात कुणाच्या लक्षात आलं नाही का, असं त्यांनी विचारलं. नवरा रडवेला झाला. मी अम्माची पिशवी धरून उभी होते आणि आतून मला बरं वाटत होतं. हो, बरं.

घरी आल्यावर अम्माने चाचपडत कपाट उघडलं आणि पट काढला. तिच्या आजीपासून चालत आलेला, नणंदेने कितीदा मागितलेला. तो तिने माझ्या दिशेने धरला. मी उभी होते त्याच्या जरा बाजूलाच. म्हणाली, "तूच ठेव. माझ्याहून बरी खेळतेस."

मी सरकून तिच्या हातांसमोर आले आणि तो घेतला. मला वाटलं, जिंकलाय मी हा.