तीस लिटर दुधाचा खवा

आमच्या घराण्यात कॉलेज पुरं केलेली मी पहिली. बी.एस्सी., तेही गणित घेऊन. ते मी चारचौघांत सांगतेही. वाशी तालुक्यातलं आमचं गाव. घरोघरी म्हशी, खव्याच्या भट्ट्या. शाळा मात्र सातवीपर्यंतच. त्या पोरांना मी संध्याकाळी ओसरीत गणित शिकवते.

एकदा गुणोत्तर घेतलं. ओळखीचं वाटावं म्हणून गणित खव्याचंच रचलं: पाच लिटर दुधाला एक किलो, तर तीस लिटरचा किती? फळ्यावर ५:१ लिहिलं, सवयीनं पाच आणि एक मिळवून सहा केले आणि तिसाला सहानं भागलं. पाच किलो.

भट्टीवाल्याची सातवीतली मुलगी म्हणाली, "ताई, सहा निघतो."

"पदवी तुझी का माझी?" मी विचारलं. पोरं हसली. तिनं वहीतला सहा खोडून पाच केला.

त्याच आठवड्यात तिचे वडील आले. पोरीला आठवीला वाशीला घालावं का भट्टीवरच बसवावं, तुम्ही सांगाल तसं करतो, म्हणाले. मी सांगितलं, पोरगी कष्टाळू हाय, पण गणितात कच्ची. ते मान हलवून गेले.

चार दिवसांनी माझ्याकडं पाहुणे येणार म्हणून मी त्यांच्या भट्टीवर खवा आणायला गेले. कढई उतरवून मुलगी गोळा काट्यावर ठेवत होती. किती लिटरचा, मी सहज विचारलं. तीस, ती म्हणाली. काटा सहावर थांबला.

फळ्यावरची माझी बेरीज आठवली. दूध आटून त्याचाच खवा होतो. त्या दोघांची बेरीज करायचीच कशाला? आणि मी वाढले तीसुद्धा असल्याच भट्टीच्या धुरात.

तिच्या वडिलांना मी म्हणाले, "पोरीला वाशीला घाला. गणित जमतंय तिला."

"परवा तर कच्ची हाय म्हणलात की, ताई."

चूक माझी होती, एवढंच बोलायचं होतं. मुलगी समोरच उभी.

"सुधारली आता," मी म्हणाले.

तिनं माझ्याकडं एकदा बघितलं आणि खवा कागदात बांधून दिला.

आता ती रोज एसटीनं वाशीला जाते. रविवारी माझ्याकडं येते. गुणोत्तराचं गणित आलं की पेन उचलून थांबते आणि विचारते, "ताई, इथं मिळवायचं का न्हाय?" तिला येत असतं, हे मला कळतं. मी "न्हाय" म्हणते आणि दुसऱ्या पोराची वही ओढून घेते.