डागवाले काका

डागवाले काका माणूस भेटला की आधी त्याच्या कपड्याकडे पाहत, मग तोंडाकडे. हळदीकुंकवाला नवी साडी नेसून निघावं आणि शेजारच्या ओट्यावर काका बसलेले दिसावेत, की बायका दुसऱ्या गल्लीने जात. "सूनबाई, पदराजवळ एक धागा तुटला आहे," असं ते मला म्हणाले, तेव्हा माझ्या लग्नाला आठच दिवस झाले होते. धागा तुटला होताच.

मिलच्या फोल्डिंग खात्यात त्यांचा जन्म गेला. तयार कापड टेबलावरून सरकायचं आणि काका त्यातला डाग, गाठ, तुटका धागा शोधून खडूने खूण करायचे. खूण झाली की तो माल सेकंड, भाव उतरला. "मी कुणाचं वाईट करत नाही," ते म्हणत, "जे आहे ते दाखवतो, बस." मिल बंद झाल्यावर दोन वर्षं ते घरी बसले. दाखवायला काही उरलं नाही, म्हणून पोळीवरचे डाग दाखवू लागले. काकू म्हणत, "भगवान, यांना कुठे तरी कामाला लाव, नाहीतर मला तरी उचल."

मग शहरातल्या पलासिया भागात परदेशी नोटा बदलून देणाऱ्या एका ऑफिसात त्यांना काम मिळालं. फाटकी, खोटी, डागी नोट वेगळी काढायची. काकांना इंग्रजी येत नव्हतं. सेठ म्हणाला, "अंग्रेजी मेरे पास है काकाजी, आप उंगलियां लाओ." पहिल्या दिवशी परत येऊन त्यांनी सगळ्या गल्लीला सांगितलं, "डॉलर कागद नाही हो, कापड आहे. सूत आहे त्यात!" इतक्या आनंदात मी त्यांना नंतर कधी पाहिलं नाही.

आमचे हेही त्याच मिलमधले. हमाली झाली, गॅरेज झालं, शेवटी मस्कतला कपड्याच्या कारखान्यात नोकरी लागली. माझ्या पाटल्या मोडून तिकीट काढलं आणि उरलेल्यात शंभर डॉलर घेतले, पहिला पगार होईपर्यंत खायला. हे पासपोर्ट घेऊन पलासियाला गेले, तेव्हा कारकुनाने दिलेल्या वीस-वीसच्या पाच नोटांपैकी दोन काकांनी बदलायला लावल्या. एकीवर पेनाची रेघ होती. "तिकडचा माणूस डाग दिसला की नोट परत सरकवतो," असं त्यांनी ह्यांना बजावलं. हे घरी आले, पाकीट माझ्या हातात दिलं आणि जेवायला बसले. बजावलेलं काही मला सांगितलं नाही. मीही विचारलं नाही. त्या दिवसांत आम्हा दोघांना बोलायचाच कंटाळा आला होता.

आमच्याकडे नवी वस्तू आली की तिला देवापुढे ठेवून हळदकुंकू लावतात. सायकलीला लावलं, शिलाई मशीनला लावलं. मी पाचही नोटा देवापुढे मांडल्या आणि ओल्या बोटाने प्रत्येकीला कुंकू लावलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी हे बडा गणपतीला नारळ फोडायला गेले होते. काका कामावर जाता जाता डोकावले. "नोटा नीट ठेवल्या न? दाखव एकदा." मी कौतुकाने दाखवल्या. काका खुर्चीत बसले. एकेक नोट उजेडात धरून पाहिली.

"चालणार नाही, सूनबाई. एक पण नाही चालणार."

त्याच संध्याकाळी मुंबईची गाडी होती. मला रडू फुटलं. आतून सासूबाईंनी विचारलं, "काय झालं ग?"

"काही नाही, वहिनी. माल तपासतोय," काका म्हणाले आणि नोटा खिशात घालून निघून गेले.

दुपारी परत आले तेव्हा हे न्हाणीघरात होते. काकांनी पाच कोऱ्या नोटा माझ्या हातात ठेवल्या. "त्याला सांगू नको. जाताना माणसाच्या डोक्यात असलं काही नको."

महिन्याने मस्कतहून ह्यांचं पत्र आलं. तिथल्या माणसाने नोटा उलटसुलट पाहिल्या आणि मुकाट्याने रियाल दिले. मी ते पत्र घेऊन शेजारी गेले, तर भर कामाच्या दिवशी काका ओट्यावर. काकूंनी मला आत ओढलं. नोटांवर आपल्याच पानाचे शिंतोडे उडाले, गिऱ्हाईक परत आलं आहे, असं काकांनी सेठला सांगितलं होतं. सेठने नोटा बदलून दिल्या आणि उद्यापासून येऊ नका म्हटलं. महिनाभर ते डबा घेऊन निघत आणि कृष्णपुऱ्याच्या छत्र्यांपाशी, जुन्या राजघराण्याच्या समाध्यांच्या पायरीवर, बसून परत येत. पगाराच्या दिवशी सगळं उघड झालं.

"जन्मात पान खाल्लं नाही ग या माणसाने," काकू म्हणाल्या. "कुणाच्या नोटा होत्या तेही सांगत नाहीत."

मी बाहेर आले. काकांनी पत्राकडे बोट दाखवलं. "वाच." मी अडखळत वाचलं.

"परत नाही न केल्या?"

"नाही."

"बस. जा आता, तुझी भाजी लागेल खाली."

बंद मिलकडे अडकलेले हक्काचे पैसे हाती येण्याआधीच काका गेले. हे तिकडे पाच वर्षं राहिले. घर सावरलं. काकूंना मी तेव्हा सांगितलं नाही, काका गेले तेव्हाही नाही. दुपारी त्या आमच्याकडे येऊन बसतात आणि कधीतरी मध्येच विचारतात, "कुणाच्या असतील ग त्या नोटा?"

मी त्यांच्या कपात चहा ओतते आणि साखर पुरेशी आहे का, ते विचारते.